पद्मिनीचं इंजिन पुन्हा बांधायचंय. मशीन शॉप कसं पारखू?

पद्मिनी_७८ (पुणे)

नमस्कार मंडळी. बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे जुनी फियाट) माझ्याकडे आहे. रंग मूळचा, ड्रायव्हरचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, हॉर्न त्याच्या मनात येईल तेव्हा वाजतो. गेल्या वर्षी इंजिनकाम केलं. घराजवळच्या एका शॉपमध्ये बोअर केलं (सिलिंडरची भोकं घासून मोठी केली), क्रँक ग्राइंड केला, नवे पिस्टन, नव्या रिंगा. ३,००० किलोमीटर व्हायच्या आत निळा धूर सुरू. आता ४०० किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. परवा सिग्नलला एका बाईकवाल्या पोराने काच ठोठावून सांगितलं, "काका, गाडी पेटलीय."

शॉपवाला म्हणतो रिंगा बोगस निघाल्या. रिंगा विकणारा म्हणतो बोअर वाकडं. इंजिन ज्याने बांधलं तो मेकॅनिक म्हणतो दोघं थापा मारताहेत, जाड ऑइल टाका. पैसे तिघांनीही घेतले आणि इंजिन कुणाचंच नाही, अशी गत झाली आहे.

आता शेवटचं एकदा नीट करायचं. नाना पेठेत १ मिमी ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) पिस्टन सेट मिळाला, तो घेऊन ठेवलाय. बाहेरून इंजिन मूळचंच दिसलं पाहिजे, कार्बोरेटर मूळचाच. पण आत जरा मनासारखं: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५ पर्यंत, हेडचे पोर्ट गॅस्केटला जुळवलेले, कॉनरॉड आणि पिस्टन वजनाला सारखे. रेस करायची नाही. पुणे–कोल्हापूर ८०–८५ वर छातीत धडधड न होता जाता यावं, इतकीच हौस.

तीन ठिकाणं पाहिली. एक भोसरीत: चकाचक, सीएनसी मशीन, दोन दिवसांत ब्लॉक देतो म्हणाले. दुसरं कोल्हापूरला उद्यमनगरात: जुनं वर्कशॉप, मेस्त्री फोन उचलत नाहीत, तीन आठवडे लागतील म्हणाले. तिसरा एक ट्यूनर आहे, "सगळं आमच्यावर सोडा, चावी घ्यायला या" म्हणतो. त्याचा आकडा ऐकून बायकोने मला गाडीसकट विकायची भाषा केली. बोअर-होनिंगचे (भोक वाढवून आतून बारीक रेघा पाडायचे) चार सिलिंडरचे भोसरीत ५,५०० आणि उद्यमनगरात २,४०० सांगितलेत.

निवड कशावरून करू? मशीन बघू, माणूस बघू, की दर?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

भावा, इंजिन टेम्पोत टाक आणि कोल्हापूरला आण. विषय संपला.

आमच्याकडं शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांचं काम पिढ्यान् पिढ्या झालंय. शिरोलीच्या फौंड्रीत ओतायचं आणि उद्यमनगरात घासायचं. तीन आठवडे म्हणाले म्हणजे काम हातात हाय असं समज. दोन दिवसांत देणारा मेस्त्री एकतर रिकामा बसलेला असतोय नाहीतर खोटा.

आणि फोन उचलत न्हाईत कारण हात ऑइलचे असत्यात. सकाळी साडेनवाला जाऊन उभं राहायचं, च्या घ्यायचा, मग बोलायचं.

ए१२_झिंदाबाद (ठाणे)

कशाला त्या जुन्या इंजिनात पैसे घालताय? प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निस्सानचं ए१२ इंजिन शोधा. ११७१ सीसी, क्रँकला पाच मेन बेअरिंग, म्हणजे पाच आधार. तुमच्या फियाटच्या क्रँकला तीन. महामार्गावर फरक आपोआप कळेल.

पद्मिनी_७८

@ए१२_झिंदाबाद, ठाऊक आहे. पण आरसी बुकात जो इंजिन नंबर आहे तो या ब्लॉकवर आहे आणि मला आरटीओत चपला झिजवायच्या नाहीत. शिवाय २०२८ला गाडी पन्नाशीची होईल. तेव्हा व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर इंजिन तिचंच हवं, असं माझं मत. इंजिन बदल हा विषय इथे नको, प्लीज.

थाऊवाला (चिंचवड)

आयुष्यभर इंजिन प्लांटच्या तपासणी विभागात होतो, आता निवृत्त. तीन मुद्दे.

पहिला. तुमच्या जुन्या शॉपने तुमच्याकडे पिस्टन मागितले होते का? नसतील, तर तुमचा धूर तिथूनच सुरू झाला असण्याची दाट शक्यता. खोक्यावर १ मिमी ओव्हरसाइज लिहिलेलं असतं, पण पिस्टन प्रत्यक्षात किती आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. एकाच सेटमधले चार पिस्टन एक-दोन शतांशाने (मिलीमीटरच्या शंभराव्या भागाने) वेगळे निघतात. म्हणून आधी पिस्टन, मग बोअर. प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्यावर नंबर टाकायचा, त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) मिळवायचा आणि त्या मापाला ते ते सिलिंडर करायचं. जो शॉपवाला "ब्लॉक ठेवून जा, पिस्टन नंतर आणा" म्हणतो, त्याचा निरोप घ्यावा.

दुसरा. परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती सांगतो. एक पिस्टन खिशात घेऊन जा आणि "जरा हा किती आहे बघता का" म्हणा. बाकी काही बोलू नका. पिस्टन गोल नसतो. गजनपिनच्या दिशेने तो किंचित अरुंद असतो, आणि वरचा माथा खालच्या स्कर्टपेक्षा लहान असतो, कारण माथा जास्त तापतो आणि जास्त फुगतो. त्यामुळे माप घ्यायचं ते पिनच्या काटकोनात, खाली स्कर्टवर. जो माथ्यावर मोजेल त्याला पिस्टन माहीत नाही. जो व्हर्नियरने मोजेल त्याला माप माहीत नाही. मायक्रोमीटर हवा.

तिसरा. १ मिमी वाढवून ताकद वाढेल अशा भ्रमात राहू नका. ६८ बोअर, ७५ स्ट्रोक म्हणजे १०८९ सीसी. ६९ केल्यावर ११२२. तेहतीस सीसी, पाव कप चहासुद्धा नाही. कॉम्प्रेशनवर मात्र परिणाम होतो. समजा पिस्टन अगदी वर असताना त्याच्या वरची एकूण जागा ४० घनसेंटिमीटर आहे, तर ७.८ चं कॉम्प्रेशन नुसत्या बोअरनेच ८.० होतं. ८.५ हवं असेल तर जागा साधारण ३७.४ वर आणावी लागेल. हेड किती घासायचं हे हिशेबाने येतं, "एक हात मारतो" म्हणून येत नाही. हेडचा एकेक खड्डा काचेच्या तुकड्याने झाका, कडेला ग्रीस, काचेला भोक, आणि मेडिकलच्या दुकानातल्या सिरिंजने रॉकेल भरून मोजा. चारही सारखे येईपर्यंत.

उद्यमनगरी

काका, आमच्या मेस्त्रींना व्हर्नियर लागत न्हाई. बोट फिरवून सांगत्यात कुठं खड्डाय ते.

थाऊवाला

बोटाने खड्डा कळतो, हे खरं. टेपर (वर-खालच्या मापातला फरक) आणि ओव्हल (लांबट झालेलं भोक) कळत नाही. बोअर तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचं, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. चार सिलिंडरची चोवीस. चोवीस आकडे बोटात राहत नाहीत, कागदावर राहतात.

आणि जुनं वर्कशॉप म्हणजे चांगलं असा नियम नाही. बोरिंग बारच्या स्पिंडलला खेळ आला असेल तर मेस्त्रीचा हात कितीही सोन्याचा असो, भोक अंडाकृतीच पडणार. त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचा तयार झालेला ब्लॉक पडलेला असतोच. विनंती करून त्यावर बोअर गेज फिरवून दाखवायला सांगा. देणारा आनंदाने देतो.

ग्राइंडरवाल्याची_लेक (कोल्हापूर, सध्या नाशिक)

माझे बाबा ३१ वर्षं उद्यमनगरात क्रँक ग्राइंडरवर उभे होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन तिथेच जायचे, त्यामुळे कूलंटचा वास म्हणजे माझ्यासाठी घराचा वास. धागा बोअरवरच घुटमळतोय म्हणून क्रँकबद्दल लिहिते.

क्रँकच्या जर्नलच्या (बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या) दोन्ही टोकांना, जिथे ते गालाला मिळतं, तिथे एक गोलाई असते. बाबा तिला "गळा" म्हणायचे. ग्राइंडिंगचा दगड नुकताच कोरा ड्रेस केलेला असेल आणि त्याच्या कडा गोल केल्या नसतील, तर जर्नलचं माप बरोब्बर येतं, चकचकीत दिसतं, पण गळ्यात खाच पडते. क्रँक मोडतो तो तिथून. लगेच नाही. पाच-सहा हजार किलोमीटरनंतर, घाटात. आणि तोपर्यंत मेकॅनिक, ऑइल, ड्रायव्हर सगळ्यांना शिव्या घालून झालेल्या असतात. बाबा दर क्रँकआधी दगडाच्या कडा हिऱ्याने गोल करायचे आणि पत्र्याच्या रेडियस गेजने बघायचे. मालक कुरकुरायचा, कारण दगड लवकर संपतो. मालक आणि त्यांचं या एका गोष्टीवरून तीन वेळा वाजलं. तिसऱ्यांदा ते आठ दिवस घरी होते.

त्यामुळे क्रँक आणायला जाल तेव्हा आधी चकाकी बघू नका. गळ्यातून नख फिरवा. नख अडकलं तर क्रँक उचलू नका. मग ऑइलची भोकं बघा. ग्राइंडिंगनंतर भोकाची कड धारदार होते, ती हलकी मोडायला हवी, नाहीतर बेअरिंग खरवडून काढते. आणि भोकांच्या आत दगडाची पूड राहते. ती बॉटल ब्रशने आणि रॉकेलने धुऊन घ्यायची, शॉपवाल्याने "धुतलंय" सांगितलं तरी. आमच्याकडे हे धुवायचं काम माझं होतं.

पद्मिनीच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग, म्हणजे मधे लांब आधाराशिवाय. म्हणून ग्राइंडिंगच्या आधी तो सरळ आहे का हे दोन टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल लावून बघायला सांगा. आणि मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चिरा शोधायची तपासणी) करून घ्या. चीर असलेला क्रँक घासणं म्हणजे फुटक्या माठाला रंग देणं.

पद्मिनी_७८

@ग्राइंडरवाल्याची_लेक, हे वाचून माडीवर जाऊन उतरवून ठेवलेल्या क्रँकच्या गळ्यातून नख फिरवलं. दोन जर्नलला अडकतंय. म्हणजे मी वर्षभर कशावर बसून कोल्हापूरला जात होतो देव जाणे.

ग्राइंडरवाल्याची_लेक

फोटो टाका. पुढच्या साइजला घासताना तेवढीच खाच गोलाईत निघून जाऊ शकते, जर ती खोल नसेल. दहा थाऊ (इंचाचे हजारांश) घासून झालेत की वीस?

पद्मिनी_७८

दहा. बेअरिंगच्या मागे लिहिलेलं आहे.

ग्राइंडरवाल्याची_लेक

मग वीसला वाव आहे. पण आधी मॅग्नाफ्लक्स.

थाऊवाला

मापाच्या भाषेचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे एकदा बाहेरून काम करून आणलेल्या एका ब्लॉकवर "क्लिअरन्स दोन पॉइंट" असा निरोप होता. पाठवणाऱ्याच्या मनात दोन थाऊ, म्हणजे सुमारे ०.०५ मिमी. घेणाऱ्याच्या मनात दोन शतांश, म्हणजे ०.०२ मिमी. दोघेही आपापल्या जागी बरोबर. इंजिन अर्ध्या तासात पॅक, म्हणजे जाम झालं. कागदावर लिहा, मिलीमीटरमध्ये लिहा, आणि समोरच्याची सही घ्या.

सरोवराकाठचा (मिशिगन)

मूळचा सांगलीचा. इकडे हौसेला १९६९चं एक आठ सिलिंडरचं इंजिन बांधून घेतलं, त्यावरून लिहितो. इथली शॉपं काही जादू करत नाहीत, फक्त दोन सवयी चांगल्या आहेत. ब्लॉक आत घेतला की एक कागद उघडतात, त्यावर आलेली मापं आणि गेलेली मापं दोन्ही लिहितात, आणि तो कागद तुम्हाला देतात. दुसरं, होनिंगच्या वेळी ब्लॉकवर जाड पोलादी पाट बसवतात आणि हेडच्या बोल्टइतकाच टॉर्क देतात. कारण हेड आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकतो. सैल असताना गोल केलेलं भोक आवळल्यावर गोल राहत नाही. तुमच्या लहान ओतीव ब्लॉकला याची किती गरज आहे ते जाणकार सांगतील.

बाकी दोन महिन्यांची रांग इथेही आहे. आणि फोन इथेही उचलत नाहीत.

थाऊवाला

पाट असला तर उत्तम. पद्मिनीसाठी तो कुणाकडे मिळणं कठीण. जाड ओतीव लोखंडी भिंतींच्या ब्लॉकला त्याशिवाय चालून जातं. एवढ्यावरून शॉप नाकारू नका.

निळाधूर (सोलापूर)

माझा धडा ऐका. इंजिन उघडून सगळं एका शॉपला दिलं, ब्लॉक, हेड, पुढचं कव्हर, सगळं एका पोत्यात. त्यांच्याकडच्या पोराने सगळंच कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकलं. ब्लॉक नव्यासारखा बाहेर आला. हेड अल्युमिनियमचं. सकाळी बघितलं तर काळंकुट्ट, वाळवी लागलेल्या लाकडासारखं. पद्मिनीचं हेड आता शोधून मिळत नाही, मिळालं तर मागेल ती किंमत.

शॉपला गेल्यावर धुण्याची जागा बघा. लोखंड आणि अल्युमिनियम वेगळं धुतात का ते विचारा. आणि हेड शक्यतो पोत्यात घालून देऊ नका.

उद्यमनगरी

@निळाधूर, सोलापूरकर, वाईट झालं राव. पद्मिनीची कंपनी काढणारे वालचंदशेठ तुमचेच की, वरनं बघून रडले असतील.

भोसरीचा_बाबू (पुणे)

सीएनसीवाल्यांची बाजू कुणी घेत नाही म्हणून लिहितो. मी तसल्याच एका शॉपमध्ये कामाला आहे (धागाकर्त्याने पाहिलेलं तेच की नाही माहीत नाही). आमचं मशीन एका मायक्रॉनचा आकडा दाखवतं, पण आमच्याकडे दिवसाला बारा ब्लॉक येतात, बहुतेक ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो. त्यांना स्टँडर्ड माप घालून मशीन चालू करायचं असतं. तुमच्या एका पद्मिनीसाठी चार वेगळी मापं घालणं मशीनला जमतं, माणसाला कंटाळा येतो. शनिवारी दुपारी या, गर्दी नसते, ऑपरेटरला भेटा, काउंटरवरच्या माणसाला नाही. आणि खरं सांगू, व्हॉल्व सीट आणि हेडचं काम मात्र नव्या मशीनवरच करा. तिथे हातात पकडायच्या दगडाने सीट घासणारे अजून आहेत, सीट मधोमध बसत नाही.

पद्मिनी_७८

दहा दिवसांनी लिहितोय. थाऊवाला काकांचा पिस्टन खिशात घालून फिरलो. आधी घरी एका ओळखीच्या टूलरूमवाल्याकडून मोजून घेतला होता: ६८.९५.

भोसरीत काउंटरवरच्या मुलाने डिजिटल व्हर्नियर काढला आणि माथ्यावर लावला. ६८.५० म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला, "साहेब, हा ओव्हरसाइज नाहीये." मग बाबूंनी सांगितल्याप्रमाणे आतल्या ऑपरेटरला गाठलं. त्याने मायक्रोमीटर घेतला, स्कर्टवर लावला, ६८.९५. म्हणजे शॉप एकच, माणसं दोन. ब्लॉक कुणाच्या हातात जाईल याची खात्री मात्र देता येणार नाही असं ऑपरेटरच म्हणाला. प्रामाणिक माणूस.

ट्यूनरकडे गेलो. त्याने पिस्टन मोजलाच नाही. "आमचं मशीनिंग बाहेर होतं" म्हणाला. कुठे, ते सांगितलं नाही. मग सगळं त्याच्यावर सोडायचं म्हणजे नक्की कुणावर?

उद्यमनगरात शनिवारी सकाळी साडेनवाला पोचलो. मेस्त्री साठीच्या पुढचे. पिस्टन हातात घेतला, गालाला लावला आणि म्हणाले, "उन्हातनं आणलायसा." गाडीच्या डॅशबोर्डवर होता, खरंच. त्यांनी तो सरफेस प्लेटवर ठेवून दिला, शेजारी मायक्रोमीटर ठेवला, आणि अर्धा तास आम्ही चहा प्यायलो. उद्यमनगरात माणसं काय बोलतात तेच बोललो, म्हणजे ऊस आणि पाऊस. मग मोजला. ६८.९५. म्हणाले, "आता खरं. मघाशी मोजला असता तर दोन-तीन शतांश जादा दावला असता."

त्यांना विचारलं होनिंग झाल्या झाल्या मोजता का. हसले. "ब्लॉक रातभर ठेवायचा. दगडानं तापतंय. तापलेलं भोक मोठं दिसतंय, सकाळी बारीक झालेलं असतंय." तीन आठवडे का लागतात ते कळलं.

पण काका म्हणाले तसं आंधळा विश्वास नको, म्हणून तयार ब्लॉकवर बोअर गेज फिरवायला सांगितलं. जरा रागावले. मग स्वतःच फिरवलं. तीन उंचीला मिळून काटा एका शतांशाच्या आत हलला.

हेडचं काम त्यांच्याकडे नाही. "हेड पुण्याला करा, आमच्यात ते मशीन न्हाई" असं सरळ सांगितलं. तेव्हा माझं ठरलं: ब्लॉक-क्रँक कोल्हापूर, हेड भोसरी, तेही शनिवारी दुपारी.

थाऊवाला

१९–२० अंशांचा फरक पडला तर ६८ मिमीचा अल्युमिनियमचा पिस्टन सुमारे अडीच शतांश वाढतो. तुमचा डॅशबोर्ड त्याहून तापला असणार. मेस्त्रींना माझा नमस्कार सांगा.

काम दोन ठिकाणी वाटता आहात, ते ठीक. पण हेड आणि ब्लॉक यांच्या मधली जागा कुणाची जबाबदारी? कॉम्प्रेशन, गॅस्केटची जाडी, पिस्टन वर किती येतो हे कुठल्याच शॉपचं काम नाही. गेल्या वेळी तिघं होते आणि इंजिन कुणाचंच नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय.

पद्मिनी_७८

वही घेतली आहे. सगळी मापं मी लिहिणार, सगळ्यांच्या सह्या मी घेणार. बायको म्हणते मुलाच्या दहावीला इतकी वही घेतली नव्हतीस.

उद्यमनगरी

पिस्टन-रॉडची वजनं कुठं करणार? हुपरीला ये. चांदीवाल्यांचे काटे हाईत, ग्रॅमच्या खालचं बी दावत्यात. माझ्या मावसभावाची गादी हाय तिथं.

पद्मिनी_७८

शेवटचा अहवाल, साडेतीन महिन्यांनी. मोठा झालाय, चालवून घ्या.

क्रँक मॅग्नाफ्लक्सला पास झाला. गळ्यातल्या खाचा वीसला घासताना निघाल्या, मेस्त्रींनी दगडाच्या कडा माझ्यासमोर गोल केल्या. मी काही बोललो नव्हतो. @ग्राइंडरवाल्याची_लेक, तुमच्या बाबांचं नाव न सांगता नुसती गोष्ट सांगितली, तर मेस्त्री म्हणाले, "आठ दिवस घरी बसलेले, तेच ना?"

जुनं बोअर उघडून मोजलं. वरून खाली सहा शतांशाचं टेपर, आणि दुसऱ्या सिलिंडरचं भोक पिस्टनपेक्षा अकरा शतांश मोठं. रिंगांची चूक नव्हती. होनिंगच्या आडव्या-तिरप्या रेघा जवळजवळ नव्हत्याच, गुळगुळीत आरसा. ऑइल धरायला जागाच नाही, रिंगा बसणार कशा.

नव्या पिस्टनची मापं: ६८.९५, ६८.९५, ६८.९४, ६८.९६. चार सिलिंडर त्यांच्यात ०.०५ मिळवून केले. हे सगळं मेस्त्रींनी कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे लिहून दिलं आहे. सही आहे, तारीख आहे. रिंगचा गॅप प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये घालून फिलरने (पातळ पट्टीच्या गेजने) बघितला, ०.२७ च्या आसपास ठेवला.

हुपरीच्या काट्यावर एका कॉनरॉडमध्ये अकरा ग्रॅमचा फरक निघाला. गादीवरचे शेठ दोन दिवस ग्राहकांना सांगत होते की आज लोखंडाचा भाव काय म्हणून.

हेडमध्ये मात्र माशी शिंकली. डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारल्यावर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे केसासारखी लाल रेघ दिसली. वेल्डिंग, पुन्हा फेसिंग, पुन्हा प्रेशर टेस्ट, एक महिना गेला. एक्झॉस्टच्या सीटही बदलल्या, कारण जुन्या मऊ होत्या आणि शिसं असलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. फेसिंग अपेक्षेपेक्षा जास्त झालं, त्यामुळे सिरिंजने मोजल्यावर कॉम्प्रेशन ८.५ ऐवजी ८.७ भरलं. जाड गॅस्केट शोधावी लागली. मापं वहीत लिहिलेली नसती तर मला कळलंही नसतं.

खर्च भोसरी आणि उद्यमनगरच्या पहिल्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त, ट्यूनरच्या आकड्यापेक्षा कमी. अगदी थोडाच कमी, हे घरी सांगितलेलं नाही.

२,१०० किलोमीटर झाले. गरम असताना ऑइल प्रेशर तीन किलो. डिपस्टिकवर रेघ जिथल्या तिथे आहे.

थाऊवाला

५,००० ला प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि वहीत लिहा.

ग्राइंडरवाल्याची_लेक

बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत मेस्त्री अजून तंबाखू खातात का.

पद्मिनी_७८

सोडली म्हणाले. खिशात डबी होती.

उद्यमनगरी

हॉर्न वाजतोय का आता?

पद्मिनी_७८

डावीकडे वळताना.